पायांखाली थोडी जमीन

नसीमच्या धाकट्या भावाचा, अन्वरचा फोन आला तेव्हा मी तुळजापूरला एका लॉजच्या जिन्यात स्टुलावर चढून कॅमेरा बसवत होतो. भर दुपार होती. एका हातात ड्रिल, फोन खांद्यानं कानाशी दाबलेला. "सर, आपा गेली," तो म्हणाला. आणि मी विचारलं, "कुठं?" माणूस इतका मठ्ठ कसा असू शकतो, हे मी त्या दिवसापासून स्वतःलाच विचारतो आहे. नसीमला कावीळ झाली होती हे मला माहीत होतं. सोलापूरच्या दवाखान्यात ठेवलंय हेही कळलं होतं. बसनं जाऊन संध्याकाळी परत येता आलं असतं. गेलो नाही. अन्वर म्हणाला, "दफन दुपार ढळल्यावर, असरच्या नमाजनंतर हाय. यायचं असंल तर या." मी गेलो, पण लांब उभा राहिलो. माती द्यायची वेळ आली तेव्हा लोकांनी सरकून मला वाट दिली, तरी पुढं झालो नाही. ज्या हातानं तिचं काम मोडलं, त्या हातची मूठभर माती तिच्यावर पडू नये, असं काहीतरी मनात होतं. अन्वरला वाटलं, सर फार हळवे आहेत. त्याला तसं वाटू दिलं.

नसीम शेख हे नाव वाचकांना माहीत असण्याचं कारण नाही. धाराशिवात एका खताच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, आमचं ऑफिस होतं. खालून युरियाचा वास यायचा आणि खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला असायचा, कारण पडद्यावर उजेड पडून चालत नसे. खालचा चहावाला त्याला 'चौकोनाचं ऑफिस' म्हणायचा, आणि ते खरंच होतं. परदेशातून व्हिडिओ यायचे. त्यातल्या माणसांभोवती, गाड्यांभोवती, जनावरांभोवती आम्ही माऊसनं चौकोन काढायचे आणि प्रत्येक चौकोनाला नाव द्यायचं. असे असंख्य चौकोन बघून यंत्र शिकतं, माणूस कसा दिसतो ते. पोरं-पोरी सगळी पंचविशीच्या आतबाहेरची. मी एकटा पिकल्या केसांचा, म्हणून 'सर'. माझं काम तपासनीसाचं. त्यांनी काढलेले चौकोन बघायचे, चुकले असतील तर दुरुस्त करायचे आणि पुढं पाठवायचे.

त्याआधी परंड्यात वडलांचा फोटो स्टुडिओ मी चालवत होतो. मोबाईल आले आणि तो बंद पडला. वडलांची एक शिकवण मात्र हातात राहिली होती. उभा फोटो काढताना ते म्हणायचे, "पाय कापायचे नाहीत. पायाखाली थोडी जमीन सोड. माणूस कशावर तरी उभा दिसला पाहिजे." नियमाप्रमाणे चौकोन अंगाला चिकटून काढायचा असतो, पण माझा चौकोन कायम खाली बोटभर सैल पडायचा. नसीमनं ते पहिल्याच महिन्यात हेरलं. "सर, तुमचा चौकोन मी हजारांत वळखीन," ती हसून म्हणाली होती. "नवरदेवाचा फोटो काढल्यावानी." मग मी तिला वडलांची ती शिकवण सांगितली.

ती स्वतः रस्त्यावर वाढलेली. म्हणजे खरोखरच... धाराशिव–तुळजापूर रस्त्याला तिच्या अब्बांचं चहाचं हॉटेल, आणि हॉटेलपुढं पाणपोई. एक रांजण, त्यावर ओलं फडकं, साखळीला बांधलेले स्टीलचे ग्लास. नवरात्रात आणि कोजागिरीच्या आधी तुळजापूरला चालत जाणारी माणसं लोंढ्यानं यायची. तिच्या अम्मीचा एक कायदा होता, तो नसीम दिवसातून दहादा ऐकवायची: "पैले पानी, फिर बात. चलनेवाले कू गाँव नै पूछना." आधी पाणी द्यायचं, मग बोलायचं. आणि चालणाऱ्याला कुठला, काय, कुणाचा, हे आपण होऊन विचारायचं नाही. त्याला सांगावंसं वाटलं तर तो सांगेल. ऑफिसात नवीन पोरगी आली तरी नसीम आधी तिच्यापुढं पाण्याची बाटली सरकवायची. नाव विचारणं नंतर.

मग ते पांढऱ्या माणसांचे व्हिडिओ सुरू झाले.

उजेडाची नव्हे, अंगातल्या उष्णतेची छायाचित्रं घेणारा कॅमेरा. उंचावरून काढलेली, आवाज नसलेली. जमीन काळी, आणि त्या काळ्यावरून चालणारी पांढरी माणसं. तोंड नाही, डोळे नाहीत, कपड्यांचा रंग नाही, नुसती ऊब चाललेली. कधी चार, कधी वीस, एकामागं एक. कुठली जमीन, कुठं चाललेत, काही सांगितलेलं नसायचं. आम्ही त्यांच्याभोवती चौकोन काढायचे: व्यक्ती, व्यक्ती, व्यक्ती, लहान मूल. दिवसभर तेच. दुपारी चहाला खाली उतरलं की लख्ख उन्हात डोळे दिपायचे आणि रस्त्यावरच्या माणसांच्या कडा पांढऱ्या व्हायच्या. नसीम म्हणाली, "सर, मला आता जित्ती माणसंबी तशीच दिसायलीत. तोंडं पुसल्यावानी." मी म्हणालो, डोळे तपासून घे.

एका दुपारी तिनं मला तिच्या जागेवर बोलावलं. व्हिडिओत एक बाई होती. बाईच असावी... चाल तशी होती. घोळक्याच्या मागं पडली, बसली, मग आडवी झाली. बाकीचे पुढं गेले. त्यातला एक परत आला, जवळ उभा राहिला आणि तोही गेला. कॅमेरा तिच्यावरच थांबलेला. नसीमनं व्हिडिओ पुढं पळवला. बाई हळूहळू राखाडी होत गेली. आधी हातपाय, मग डोकं. शेवटी छातीपाशी एक फिकट ठिपका उरला आणि बाकीची ती जमिनीच्याच रंगाची झाली. "सर," नसीम अगदी हळू म्हणाली, "चौकोन कधी बंद करायचा?"

मला नियम पाठ होता. मी सांगितला. "दिसेनासं झालं, की बंद."

तिनं माऊस हातात घेतला. मग म्हणाली, "व्हय. तसंच असणार."

पुढच्या आठवड्यात चुकून एक न कापलेला व्हिडिओ आला. तोवरचे सगळे माणसं चालत असतानाच संपायचे. हा पुढं चालू राहिला. गाड्या आल्या, हातात बंदुका घेतलेली माणसं उतरली, आणि चालणारी माणसं एकेक करून डोक्यावर हात ठेवून पालथी पडली. सगळं ऑफिस नसीमच्या मागं गोळा झालं होतं. मग तिनं शोधाशोध केली आणि आठ-दहा दिवसांनी मोबाईलवर एक बातमी दाखवली. जिथून व्हिडिओ यायचे त्या देशात मोठमोठ्या कंपन्यांतले इंजिनियर आपल्याच मालकांविरुद्ध उभे राहिले होते. सरहद्द ओलांडून आलेल्या माणसांना हुडकून हाकलायच्या कामाला आमचं डोकं वापरू नका, म्हणत होते. "ती तिकडं पगारावर पाणी सोडायला तयार हायत," नसीम म्हणाली, "आन् आपण इथं त्यांच्या मालकांसाठी चौकोन काढायलोय. ज्यानं पाणी मागितलं असतं, त्याचा पत्ता देतोय आपण." एक पोरगा म्हणाला, "अगं, पण ते आपले कोण?" ती म्हणाली, "रांजणावर येणारे तरी आपले कोण असतेत रे?"

तिनं सगळ्यांना एक केलं. आरडाओरडा नाही, घोषणा नाहीत. रोज चहाच्या वेळेला दोघा-तिघांशी बोलायची. मागणी साधी होती: हे काम कशासाठी आहे ते स्पष्ट सांगा, आणि ज्याला नको त्याला दुसऱ्या कामाला लावा. वयानं मोठा म्हणून बोलायचं मी, असं ठरलं. आम्ही मॅनेजरच्या केबिनपुढं जाऊन उभे राहिलो. पुण्याहून आलेला पोरगेला माणूस, त्यानं वर बघितलं. "काय माळी सर, मोर्चा?" मुलगी बारावीला होती, घराचं सगळं त्या पगारावर... कारणं काय, कुणाकडंही असतात. मी गप्प उभा राहिलो. शेवटी नसीमच बोलली. तो हसला. "इथं बसून कुठली बॉर्डर दिसते तुम्हाला? येडशीची का नळदुर्गची? नको असेल त्यांनी जिना उतरावा. मोकळाच आहे."

जिना कुणी उतरला नाही. नसीमनं दुसरी वाट काढली. नावांच्या यादीत 'झुडूप' असं एक नाव होतं. उन्हानं तापलेली झुडपंही पांढरी दिसतात. आमच्यातले बहुतेक जण चालणाऱ्या माणसांना झुडूप म्हणू लागले. यंत्र चुकीचंच शिकेल, माणसाला झुडूप समजून सोडून देईल, एवढीच आशा. पण त्यासाठी तपासनीस गप्प राहायला हवा होता. नसीम मला म्हणाली, "सर, त्या दिवशी केबिनपुढं गप बसलात. आता इथं गप बसा. तुम्हाला जमतंय तेच करायचंय." टोमणा होता, पण हसत मारलेला. मी मान हलवली.

आणि मी रोज, एकूणएक झुडूप पुन्हा माणूस केलं.

त्यांची चूक म्हणून नोंदवलं असतं तर त्यांच्या नोकऱ्या गेल्या असत्या, म्हणून तसं नोंदवत नव्हतो. त्यांचा चौकोन पुसायचो, माझा काढायचो आणि पाठवायचो. वर स्वतःला सांगायचो, मी पोरांना वाचवतोय. संध्याकाळी जाताना नसीम माझ्या टेबलापाशी थांबायची. "आज किती झाडं लावली सर?" "लई," मी म्हणायचो. ती खुश होऊन जिना उतरायची. ते कित्येक महिने चाललं. हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही.

मग एक नवं काम आलं. आता चौकोन यंत्रच काढणार होतं, आम्ही फक्त बरोबर की चूक ते बघायचं. नसीमनं मला बोलावलं. पडद्यावर पांढरी माणसं चालली होती आणि प्रत्येकाभोवती एक चौकोन आपोआप पळत होता. एकही माणूस सुटला नव्हता. मी ते आधी बघितलं. तिनं बोट ठेवलं तेव्हा दुसरं बघितलं, आणि माझ्या मानेवरून कुणीतरी गार बोट फिरवल्यासारखं झालं. प्रत्येकाच्या पायांखाली बोटभर काळी जमीन सुटलेली होती. शेकडो माणसं, कुठल्या मुलखातली, आणि प्रत्येकाभोवती माझा हात. मी तिथं नसताना माझा हात त्यांच्यामागून चालत होता.

"आमी झुडूप म्हणलेली माणसं ह्याला कुणी दाखवली?" नसीमनं विचारलं. उत्तराची वाट बघितली नाही. डबा पिशवीत घातला, ओढणी नीट केली. दारात वळून एवढंच म्हणाली, "तुमच्या वडलांनी लई चांगलं शिकवलं होतं, सर." पुन्हा ती त्या जिन्यावर दिसली नाही.

नंतर ते ऑफिसही बंद पडलं. काळा कागद अजून खिडक्यांवर आहे. मी मेहुण्याच्या दुकानातर्फे कॅमेरे बसवू लागलो. नसीम हॉटेल सांभाळायची, हे लोकांकडून कळायचं. एकदाच भेट झाली. कोजागिरीच्या आधी बायकोचा नवस होता म्हणून तुळजापूरला चालत निघालो होतो. पाणपोईपाशी गर्दी होती, उदो उदो चाललं होतं, आणि रांजणामागं ती. मला बघून तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. ग्लास भरला, दोन्ही हातांनी पुढं केला. मी प्यालो. पाणी झालं होतं, आता बोलायचं होतं... तिच्या अम्मीच्या कायद्याप्रमाणं. ती थांबली होती. मागून लोक ढकलत होते, बायको पुढं गेली होती, आणि मी ग्लास ठेवून गर्दीबरोबर चालू लागलो.

ती गेल्यावर काही आठवड्यांनी अन्वरनं कॅमेरा बसवून घेतला, पाणपोईचे ग्लास कुणीतरी साखळीसकट नेतं म्हणून. "धर्माचं पाणी पिऊन वर भांडीबी न्यायची म्हणजे काय, सर." माणूस दिसला की मोबाईलवर खबर देणारा, भोवती हिरवा चौकोन काढणारा साधा कॅमेरा. त्यात आमच्या कामातलं काही आहे की नाही, मला माहीत नाही. ते कळायला मार्ग नसतो. चारच दिवसांत त्याचा फोन आला, "सर, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतंय आन् हे 'व्यक्ती, व्यक्ती' वाजायलंय. दुरुस्त करून द्या."

मी गेलो. हॉटेलात बसून मोबाईलवर बघितलं. ऊन रणरणत होतं. रांजण, ओलं फडकं, ग्लास. आणि रांजणाच्या मागं, जिथं ती उभी राहायची, तिथं रिकाम्या जागेभोवती एक चौकोन. माणसाच्या उंचीचा. खाली बोटभर जमीन सुटलेली. मला यंत्राच्या चुका कळतात. तापलेली भिंत, वाऱ्यानं हलणारं फडकं, सावली, एवढ्यानंही ते फसतं. तेवढ्या जागेवर बोट फिरवून 'इकडं बघू नको' असं त्याला सांगता येतं. क्षणाचं काम. आयुष्यभर मी तेच केलं आहे. मी बोट काचेवर टेकवलं.

"पुसताय का?" अन्वरनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "हे राहू दे."

मोबाईल त्याच्या हातात देऊन मी बाहेर आलो, रांजणापाशी गेलो, ग्लास बुडवून भरला आणि उभ्यानंच प्यालो. मातीचा वास असलेलं गार पाणी. मागून अन्वरचा आवाज आला, नेहमीचा नव्हता. "सर... हलू नका. दोन दाखवायलंय."

मी हललो नाही. वळूनही बघितलं नाही. ग्लास रिकामा करून साखळीला सोडला. पाणी झालं होतं. अन्वर पाठीमागं येऊन उभा राहिला होता, त्याला सगळं ऐकू जाणार होतं. मी रांजणाकडं तोंड करून म्हणालो, "नसीम, ती झाडं मी लावली नव्हती," आणि पुढचं सांगायला लागलो.