हवालदारांची इटलीची बाटली

उजवा तळवा गालाखाली घ्यायचा, डोळे मिटायचे, मान कलती टाकायची आणि म्हणायचं, "झोपू द्या तिले." पांढरकवड्याच्या आमच्या जिनिंगच्या फाटकावर कापसाच्या हंगामात हा प्रयोग रोज एकदा तरी व्हायचा. प्रयोग करणारे आमचे चौकीदार. सगळे त्यांना हवालदार म्हणत. आणि जी झोपली होती ती इटलीची बाटली होती. द्राक्षाच्या तांबड्या दारूची.

हसू नका. मी तिथं काटेबाबू होतो, कापसाच्या गाड्या तोलायचो, आणि ती बाटली मी या डोळ्यांनी पाहिली आहे.

हवालदार मोठ्या लढाईत इटलीत होते. तिथल्या डोंगरातल्या एका गावात, बॉम्बनं पडलेल्या घराच्या ढिगाऱ्यातून त्यांच्या तुकडीनं एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची बायको जिवंत बाहेर काढली. म्हातारा तळघरात गेला आणि ही बाटली घेऊन वर आला. मुलगा जन्मला त्या वर्षी भरून ठेवलेली. मुलगा लढाईवरून परत आला नव्हता. दोघांची भाषा जुळेना, म्हणून म्हाताऱ्यानं सगळं नाटक करून सांगितलं. आडवी ठेव, अंधारात ठेव, झोपू दे. ज्या दिवशी तुझी छाती अभिमानानं भरून येईल त्या दिवशी उघड आणि माझ्या पोराचं नाव घे. हवालदारांनी म्हाताऱ्याच्या हातावर हात ठेवला. शब्द दिला गेला.

आता आमच्याकडचा उन्हाळा आणि ही परदेशी नाजूक वस्तू. पण हवालदारांनी घरातल्या रांजणाखालच्या ओल्या रेतीत तिला आडवी पुरली होती. वरून रांजण पाझरायचा, खाली बाई गारेगार.

उघडायची कधी, यावर गावात सल्ल्यांची टंचाई नव्हती. नोकरी कायम झाली, उघडा. घरावर नवे कवेलू चढले, उघडा. हवालदार म्हणायचे, "कवेलूसाठी? त्या बुढ्याले काय तोंड दाखवू?" त्यांच्या घरचं पाणी न पिणारे दोघे-तिघे बाटलीची चौकशी मात्र नेमानं करायचे.

मग छप्पन सालचा दसरा आला. हवालदार नागपूरला दीक्षा घ्यायला निघाले. आमचा फिटर मिस्त्री आणि मी आदल्या दिवशी घाईघाईनं त्यांच्या घरी गेलो. मिस्त्रीनं त्यांना समजावलं की उद्या मद्य न पिण्याचं शील घेतल्यावर बाटली काय कामाची? काय ते आजच उरका. त्याचा हिशेब मलाही पटला होता. हवालदार पांढऱ्या सदऱ्याची घडी घालत होते. हात न थांबवता म्हणाले, "मिस्त्री, जन्मात पह्यल्यांदा ताठ उभा राहाले जाऊन राह्यलो. तोंडाले वास घेऊन जाऊ?"

मिस्त्रीनं पायात चपला घातल्या. मीही घातल्या.

ते परत आले ते खरोखरच ताठ. पुढे आमच्याकडं दारूबंदी लागू झाली. मिस्त्री चिडवायचा, आता घरधनी पीत नाही आणि पाहुणा प्यायला तर तुरुंगात, फोडून टाका. हवालदार पूर्वी अशा थट्टेला हसायचे. आता हसेनात. एकदा फाटक लावता लावता मला म्हणाले, "बाबू, पिनार नाही म्हनून एक शब्द देल्ला. उघडीन म्हनून एक देल्ला. दोन्ही माह्येच हायेत. कोनता मोडू?"

मी काटेबाबू. पण हे माझ्या काट्यावर तोलता येण्यासारखं नव्हतं.

साठ-एकसष्ट साल असेल. हंगाम संपला होता. स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी हवालदार खाकी पोशाखात, छातीवर पदक लावून जिनिंगमध्ये शिरले. त्यांची मुलगी मॅट्रिक पास झाली होती. त्यांच्या वस्तीतली पहिली मुलगी. मालकाच्या खोलीपासून सरकीच्या ढिगापर्यंत प्रत्येकाला त्यांनी स्वतः सांगितलं, आणि शेवटी आम्हा दोघांपाशी येऊन हळूच म्हणाले, "आज उठवू तिले. माह्यं तोंड बंद हाय, तुमचं लागन."

कायद्याचं विचारू नका. कायदा त्या वेळी जेवायला गेला असावा.

संध्याकाळी त्यांच्या घरी रांजणाखालच्या रेतीतून बाटली निघाली. मिस्त्रीनं बुचात स्क्रू पिळला आणि पकडीनं ओढला. अर्धं बूच हातात, अर्धं भुगा. पितळी पेल्यात ओतली तर खाली काळा गाळ. मिस्त्री पुटपुटला, "गेली वाटते." हवालदारांचा चेहरा उतरला. "मले उशीर झाला का, बाबू?"

मी पेला तोंडाला लावला. पिकलं जांभूळ, तुरट. मग ओल्या मातीसारखं काहीतरी. मग घशात मंद ऊब. चांगली की वाईट, हे मला काय कळणार? आणि विचारायला तरी कुणाला जाणार? हैदराबादपर्यंत जाणकार सापडला नसता. पण त्यांचं विचारणं वेगळं होतं. "जित्ती हाय का?"

"हाय, हवालदार." आजही शपथेवर हेच सांगेन.

ते चुलीपाशी उभ्या असलेल्या मुलीकडं वळले. "माय, इटली कोन्या आंगाले हाय?"

भूगोल ताजा होता. तिनं क्षणभर विचार केला आणि पश्चिमेच्या, थोडं वरच्या अंगाला, चुलीमागच्या भिंतीकडं बोट केलं. हवालदार त्या भिंतीसमोर टाचा जुळवून उभे राहिले आणि इतक्या वर्षांत आम्हाला कधीच न सांगितलेलं नाव मोठ्यानं घेतलं. "पिएत्रो."

मग मुलीला म्हणाले, "आता तू घे."

ती बापाच्या शेजारी उभी राहिली. पुढे ती मास्तरीण झाली, पण मला तर ती त्याच दिवशी झालेली दिसली. वर्गात हजेरी घ्यावी तसं तिनं ते नाव घेतलं, स्वच्छ, ठणठणीत. आणि पलीकडून कुणीतरी "हजर" म्हणेल म्हणून आम्ही सगळेच त्या भिंतीकडं कान लावून उभे राहिलो.