संध्याकाळच्या गाडीसंबंधी लिहिलेला लेख

अर्जदार: मी स्वतः, शिक्षण नववी, व्यवसाय औसा येथे कचेरीसमोर बसून अर्जलेखन. विरुद्ध पक्ष: आमच्या गावची संध्याकाळची एस.टी. बंद करणारे आगार. गाडी बंद झाल्याचा दिनांक: पोळ्याचा आदला दिवस. साक्षीदार: माझी कन्या, इयत्ता बारावी, जी त्याच गाडीने लातूरहून घरी येत असे, तसेच माझे थोरले बंधू, ज्यांनी "गाडी न्हाई, तर कॉलेज न्हाई" असा निकाल त्याच दिवशी दिला.

माझ्या अर्जांनी तालुक्यातील अनेकांची कामे मार्गी लागली आहेत. आगाराने मात्र माझ्या अर्जावर पोचेचा शिक्का मारला आणि उत्तर दिले नाही. तेव्हा वर्तमानपत्रात लेख द्यावा, असे मी ठरवले. लेख म्हणजे लांबलेला अर्ज, अशी माझी समजूत होती.

लातूरच्या एका दैनिकाच्या संपादकांनी पहिला परिच्छेद वाचून चष्मा काढला.

"काका, 'मायबाप सरकारने कृपावंत होऊन' हे कुणाला? वाचकाच्या हातात गाडीचं स्टेअरिंग हाय का?"

"नाही."

"मग त्याच्या पाया कशाला पडता? त्याला पटवा. अन् आगाराचं म्हणणंही लिहा."

विरुद्ध पक्षाची बाजू आपल्याच कागदावर मांडायची, हे मला अपमानास्पद वाटले. घरी येऊन कन्येला सांगितले.

"गाडी रिकामी जाते म्हणतेत ना आगारवाले? खरंच हाय की, बाबा. आम्ही चार पोरी अन् कंडक्टर."

"हे लिहू?"

"लिवा. अन् म्हणा, सकाळची गाडी भरते कशामुळं? संध्याकाळी परतायला गाडी हाय म्हणून. ही बंद झाली की तीबी रिकामी."

मी पुन्हा लिहायला बसलो. प्रत्येक 'कृपया' खोडताना अंगावरचे पांघरूण काढल्यासारखे वाटे. अखेर लेख सिद्ध झाला. मग सवयीने मी त्याला कोर्ट फी तिकीट लावले आणि खाली 'प्रत माहितीस्तव' लिहून नांदेड-लातूरच्या सर्व दैनिकांकडे रवाना केला.

संपादकांचा फोन आला. "उद्या छापणार होतो. आज नांदेडच्या पेपरात वाचला. लेख काय लग्नपत्रिका हाय का, काका, गावभर वाटायला?"

नांदेडचा तो पेपर आमच्या रस्त्यावर कोणी घेत नाही. तिकडे अर्धापूरच्या केळीवाल्यांनी वाचला असेल.

बंधूंनी दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे. तोवर कन्या काळीपिवळीने फाट्यापर्यंत येते आणि तिथून मी तिला मोटारसायकलवर आणतो. पाठ धरते. लोकांचे अर्ज अर्धवट सोडून उठावे लागते. तीही दमलेली असते.

सबब आगारप्रमुखांकडे मी यापुढे कृपा मागत नाही. परतीची सोय नसताना सकाळच्या गाडीत कोण बसेल, एवढ्याचे लेखी उत्तर दिवाळीपूर्वी मिळावे. माझे म्हणणे पटले नसल्यास ते का पटले नाही, हेही कळवावे.