अहो, धरा मला!

लग्नानंतर यांनी मला सायकल शिकवली. चालवायची झकास, पण उतरता येत नसे. थांबले की सायकलसकट आडवी व्हायचे, म्हणून घरापाशी हे हँडल धरायचे. पनवेलला बायकांची सायकल शर्यत ठरली, तेव्हाही हे शेवटच्या रेषेपाशी उभे राहणार होते.

पदर खोचून मी सुटले ती सगळ्यांच्या पुढे. रेषा आली. हे टाळ्या वाजवत होते.

"अहो, धरा मला!" मी ओरडले.

भर बाजारात बायकोचं हे बोलणं ऐकून लोक खो खो हसले. हे लाजून चक्क मागे सरले. मी तशीच पुढे, पार कोन गावापर्यंत! तिथं एका पेंढ्याच्या ढिगात सायकल घातली.

पेंढा रचणारी बाई धावत आली. "बाय, कुठं चाललीस?"

"कुठं नाही. शर्यत जिंकले."

"मग बाकीच्या?"

"त्या थांबल्या."

"आनि तुला थांबाया कुनी सांगितला नाय?"

"मला उतरता येत नाही; हे धरणार होते, ते लाजून मागे सरले."

तेवढ्यात हे घामाघूम होऊन पोचले. "अगं, पहिली आलेली सापडेना, म्हणून दुसरीला कप दिला."

मला हसू आवरेना. ती बाई मात्र चिडली आणि यांनाच म्हणाली, "बायकोला धराया लाज वाटते व्हय?"