गैरहजरांची हजेरी

रागावण्याआधी आमच्या चर्चचे पाळकसाहेब चष्मा काढून शर्टाच्या खिशात ठेवत. त्याचं कारण मी एकदा विचारलं होतं. "तोंडं दिसली की दया येते, बाई," ते म्हणाले, "मग नीट रागावता येत नाही." बाळांनो, तुम्ही आजीकडे शेवगावला आलात त्या नाताळात सांताक्लॉज झालेल्या, चर्चचा कारभार बघणाऱ्या एका पंचांवर ते असेच चष्मा काढून ओरडले होते. "मुलांना एकेक चॉकलेट, आणि फोटो चार-चार? द्या ती पिशवी इकडे!" तुम्ही दोघं टाळ्या वाजवत होतात.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, ते चष्मा काढणारे पाळक कुठे गेले? मी चहा उतू गेल्याचं सांगून फोन ठेवला. चहा उतू गेला नव्हता. तोंडी सांगायला बसले असते तर स्वतःला सोडवून घेतलं असतं. म्हणून लिहिते आहे. मी रागात आहे, आणि राग ओसरायच्या आत लिहायचं आहे.

आमच्या मंडळीत दोन प्रकारची माणसं. गावातले आम्ही, म्हणजे निवृत्त शिक्षक, बँकवाले, नर्सबाई. आणि आजूबाजूच्या वस्त्यांवरची कोरडवाहू माणसं. ती दिवाळी झाली की बिऱ्हाड ट्रॅक्टरवर टाकून राहात्याकडे ऊसतोडीला जातात. त्यांचा नाताळ उसाच्या फडातच. डिसेंबरात चर्चचे, आमच्या भाषेत देवळाचे, मागचे बाक रिकामे पडतात. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. उलट चपला ठेवायला जागा होई.

पाळकसाहेबांना वाटे. नाताळाआधीच्या चारही रविवारी उपदेशापूर्वी ते एक शाळकरी वही उघडत आणि फडावर गेलेल्यांची नावं वाचत. "याकोब. रत्नमाला. शांतवन." प्रत्येक नावानंतर थांबत, माणसाला 'हजर' म्हणायला लागेल तेवढा वेळ. देवळात शांतता. मग पुढचं नाव. आम्ही खोकत असू, घड्याळं बघत असू. मी त्यांना म्हटलंही होतं, "पाळकसाहेब, जे इथे नाहीत त्यांची हजेरी कशाला?" ते म्हणाले, "हजर असलेले दिसतातच की. मुकादम कोयते मोजतो, बाई. नावं कोणी घ्यायची?"

त्या आठवड्यांत ते घरोघर जात. फराळाचं ताट पुढे आलं की एक करंजी उचलत आणि न खाता डब्यात टाकत. नर्सबाईंना राग आला. "आमच्या हातची चालत नाही का हो?" "चालते म्हणून तर फडावर नेतोय. अजून एक द्या, नवराबायकोत अर्धी-अर्धी नको." संध्याकाळी व्हरांड्यात बसून ते बांबूच्या कामट्या तासत, पतंगी कागद चिकटवून चांदण्या करत. फडावरच्या प्रत्येक कोपीवर, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपडीवर, एक चांदणी लागली पाहिजे हा त्यांचा हट्ट. बोटांना कायम खळ लागलेली. त्याच बोटांनी ते माझ्या कपाटातली पुस्तकं चाळत आणि मी मागून ओल्या फडक्याने पुसत असे.

मग तिसऱ्या रविवारी सकाळची उपासना आटोपून मोटारसायकलला डबा, चांदण्यांचा भारा आणि प्रभुभोजनाचा प्याला बांधून ते राहात्याकडे निघत. दुपारी बैल चारा खात असताना, उसाच्या मोळ्यांवर फडकं अंथरून उपासना. तिथेही आधी वही वाचली जाई. मला दर वर्षी बोलावत. "चला, बाई, तुमची मंडळी बघायला." मी दर वर्षी कार्यक्रमपत्रिकेचं कारण सांगे. मंडळीची चिटणीस मी. नाताळच्या कार्यक्रमाची पत्रिका मी आखत असे, मिनिटामिनिटाची.

गेल्या वर्षी पंचांनी त्याच तिसऱ्या रविवारी गायनाचा मोठा कार्यक्रम ठरवला. मांडव, स्पीकर, आणि पाहुणे म्हणून एक पुढारी. पंचांचे प्रमुख म्हणजे आमचे अप्पा, निवृत्त हेडमास्तर. ते बैठकीत म्हणाले, "पाळकसाहेब, यंदा राहात्याचं जाणं पुढे ढकला. साहेबांसाठी दोनशे खुर्च्या मागवल्यात."

पाळकसाहेबांनी चष्मा खिशात ठेवला. "साहेबांना एक खुर्ची पुरे. बाकीच्यांवर बसणारे तिकडे ऊस तोडतायत."

"अहो, ते काय, मार्चात येतीलच की परत."

"मग नाताळ मार्चात करा, अप्पा!"

आणि ते गेले. इकडे पाहुणे आले तेव्हा प्रार्थनेला पाळकच नाहीत. अप्पांची मान खाली गेली. माझ्या पत्रिकेत 'चार वाजून दहा मिनिटे, पाळकांची प्रार्थना' असं छापलेलं होतं आणि चार वाजून दहा मिनिटांनी व्यासपीठावर फक्त माईक उभा होता. बाळांनो, खरं सांगते, मला अप्पांपेक्षा जास्त राग आला. त्या छापील ओळीचा अपमान झाला म्हणून.

दुसऱ्या दिवशी पंच माझ्याकडे जमले. चहा मीच केला. पाळकांची बदली करावी असं पत्र द्यायचं ठरलं. अप्पा म्हणाले, "इंग्रजीत लिहा, बाई. चर्चच्या नगरच्या ऑफिसात मराठी पत्र पंख्याने उडतं, इंग्रजीवर पेपरवेट ठेवतात." सगळे हसले. मीही हसले. मग टेबलाशी बसून मी दोन पानी पत्र लिहिलं. पाळक महत्त्वाच्या प्रसंगी अनुपस्थित राहतात. उपासना वेळेत संपत नाही. पंचांच्या सूचना मानत नाहीत. एकही वाक्य खोटं नव्हतं. कुठे जातात आणि कोणाकडे, एवढं मात्र लिहिलं नाही. कोणी म्हणालं नाही की लिहा. मलाही सुचलं नाही असं म्हणणार होते, पण सुचलं होतं.

यंदा दिवाळी झाल्यावर बदलीचा हुकूम आला. घाटाखाली, लांबच्या एका लहान मंडळीत. पंचांनी निरोपसमारंभ केला, शाल दिली, आणि ज्यांनी घालवलं त्यांनीच डोळे पुसले. मला अजून त्या रुमालांचा राग येतो.

जाण्याच्या दिवशी पाळकसाहेब माझ्या घरी आले. पाणी प्यायले. म्हणाले, "ऑफिसात पत्र वाचायला दिलं होतं मला. दोन शब्द कोशात बघावे लागले. पण एकही चूक नाही हो, बाई."

चष्मा त्यांनी काढला नव्हता. माझ्या तोंडाकडे बघत होते. तेव्हा वाटलं, काढावा, ओरडावं. त्यांनी पिशवीतून ती शाळकरी वही काढून टेबलावर ठेवली. "ही तुमच्याकडे असू द्या. तुमच्याकडे वस्तू हरवत नाहीत."

मी ती कपाटात नीट ठेवली. डिसेंबरापर्यंत उघडली नाही.

या डिसेंबरात एका दुपारी फोन आला. "बाई, म्या रत्नमाला. फडावरनं. तुमचा लंबर पाळकांनी दिल्ता. त्यांचा फोन लागंना. ह्या बारीला कवा येनार हायेत? भाकरी किती मानसांची टाकू?"

तिला कोणी सांगितलंच नव्हतं. बदलीची नोटीस देवळाच्या फळ्यावर लावली होती, माझ्या अक्षरात. पण तोवर ही माणसं फडावर निघून गेली होती, फळा वाचणार कोण? मी नव्या पाळकांकडे गेले. ते तरुण आहेत, नम्र आहेत, उपासना एका तासात संपवतात. म्हणाले, "तिसऱ्या रविवारी गायन आहे ना, बाई? पत्रिका तर तुम्हीच आखलीत. मी त्यांना मोबाईलवर शुभेच्छा पाठवतो." त्यांच्यावर कशी रागावणार? माझीच पत्रिका त्यांनी माझ्यापुढे धरली होती.

तिसऱ्या रविवारी जीप करून मी एकटी गेले. करंज्या आणि ती वही नेली. चांदण्या बाजारातून आणल्या, प्लॅस्टिकच्या. ऊस तोडून झालेल्या रानात पंचवीस-तीस माणसं अंग धुऊन, केस विंचरून बसली होती. मोळ्यांवर फडकं अंथरलेलं होतं. प्रभुभोजन मला देता येत नाही, तो पाळकांचा अधिकार. मी उभी राहून सगळं सांगितलं. पत्र कोणी लिहिलं, तेही. एक बैल घंटा वाजवत राहिला.

शेवटी रत्नमाला म्हणाली, "वही आनलीया न्हवं? मंग वाचा."

मी वाचू लागले. "याकोब." "हाय." "शांतवन." "हाय जी." देवळात ज्या नावांनंतर खोकला यायचा, तिथे इथे माणूस उत्तर देत होता. वाचत वाचत शेवटच्या ओळीवर आले. तिथे त्यांनी नुसतं 'पाळक' एवढंच लिहिलं होतं. शिक्षिकेची सवय, मी तेही मोठ्याने वाचलं, आणि थांबले.



"गैरहजर मांडा, बाई," रत्नमाला म्हणाली. "अन् कुनापायी, ते बी लिवा."

पेन माझ्याकडे होतंच. मी लिहिलं. या वेळी मराठीत.