वन्सं आणि विनाकारण वाजणारी घंटा

माझ्या नणंदेला मी वन्सं म्हणते. हल्ली असं कुणी म्हणत नाही, हे मलाही ठाऊक आहे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्या कॉलेजात होत्या, केसांत पेन खोचून घरभर फिरायच्या, आणि त्यांना चिडवायला म्हणून मी तो शब्द काढला. त्या चिडल्या नाहीत. "हं" म्हणाल्या आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. माझ्या तोंडात मात्र तो शब्द बसला तो बसलाच.

लग्नाच्या भानगडीत वन्सं पडल्या नाहीत. त्या आमच्याकडेच मागच्या खोलीत राहतात. टेबलावर उघडंवाघडं सर्किट, वायरींचा गुंता आणि साय धरलेला सकाळचा चहा. दाराची बेल वाजली तर त्यांना ऐकू येत नाही. दूधवाला, शेजारीण, कुरियरवाला, सगळे बेल दाबून दाबून थकतात, आणि घरातच बसलेली ही बाई ढिम्म हलत नाही. आणि नोकरी कसली, तर मशीनच्या पोटातल्या घंटा ऐकण्याची. आमचे हे म्हणतात, मशीनच्या आतून बेल वाजवली तरच माझी बहीण दार उघडेल.

त्यांचं काम मला समजायला बरीच वर्षं लागली. एकदा धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना त्यांनी ते सांगितलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. मशीनच्या पोटात एक कारभारी असतो, सगळ्यांवर नजर ठेवणारा मुख्य प्रोग्राम, त्याला कर्नल म्हणतात. मशीनच्या एखाद्या भागाला, म्हणजे स्क्रीनला किंवा सेन्सरला, काही सांगायचं असलं की तो भाग एका तारेवरून घंटा वाजवतो. तिला इंटरप्ट म्हणतात. ती वाजली की कारभारी हातातलं काम टाकून उठतो. आता तारा थोड्या आणि भाग फार, म्हणून एकेका तारेवर दोघातिघांची घंटा असते. मग कारभारी प्रत्येक भागाच्या ड्रायव्हरला विचारतो, तुझी का? ड्रायव्हर म्हणजे त्या भागाची काळजी घेणारा प्रोग्राम, आणि तो लिहिणं हे वन्संचं काम. ड्रायव्हरनं आपल्या भागाकडे जाऊन बघायचं आणि खरं काय ते सांगायचं, माझी किंवा माझी नाही.

कुणाचीच नसली तर काय, असं मी विचारलं. तर ती विनाकारण वाजलेली घंटा, त्या म्हणाल्या. अशा फार झाल्या की कारभारी ती तार बिघडली असं धरून चालतो आणि बंदच करून टाकतो. मग त्याच तारेवर खरी घंटा वाजली तरी ऐकायला कुणी नसतं.

मी नवजात बाळांच्या वॉर्डात सिस्टर आहे. माझा सगळा दिवसच घंटांमध्ये जातो, त्यामुळे हे मला चटकन पटलं.

गेल्या वर्षी वन्संच्या कंपनीनं बाळांसाठी नवा मॉनिटर काढला आणि तो चाचणीसाठी नेमका आमच्याच वॉर्डात आला. बाळाच्या पायाला सेन्सरची पट्टी गुंडाळायची, आतून लाल दिवा लागतो, आणि रक्तात प्राणवायू किती ते पडद्यावर आकड्यात दिसतं. चाचणी होती म्हणून शेजारी जुनं मशीनही चालू ठेवलेलं. ज्या खाटेला नवा मॉनिटर लावला तिथं एक मुलगी होती, दिवस पुरे व्हायच्या खूप आधी जन्मलेली. वॉर्डात आम्ही तिला चिमणी म्हणायचो. तिची आई खाटेजवळच्या खुर्चीत बसून असायची आणि त्या आकड्यावरून तिची नजर हलायची नाही.

एके दिवशी औषध भरता भरता मला काहीतरी खटकलं. नव्या पडद्यावर चौऱ्याण्णव होते. चांगला आकडा, तक्रारीला जागा नाही. पण तो हलतच नव्हता. बाळाचा आकडा कधी स्थिर राहत नाही, ते हात हलवतं, जांभई देतं, आकडा एक वर एक खाली होतच असतो. मी जुन्या मशीनकडे पाहिलं तर तिथं एकोणनव्वद होते आणि ते उतरत होते. मी चिमणीला सावरलं, नवं मशीन बंद करून परत चालू केलं, तेव्हा आकडा हलायला लागला. चिमणीच्या आईनं विचारलं, "सिस्टर, आता खरं कोणतं धरायचं?" मी जुन्याकडे बोट दाखवलं.

घरी येऊन हे वन्संना सांगितलं तर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या जेवल्या नाहीत. तार बंद झाली असणार, एवढंच म्हणाल्या. सेन्सर आणि स्क्रीन एकाच तारेवर होते. कुठूनतरी खोट्या घंटा येत होत्या, कुणीच त्यांना आपलं म्हणत नव्हतं, आणि कारभाऱ्यानं कंटाळून दार लावलं होतं. आत चिमणीचा सेन्सर घंटा वाजवत बसला होता आणि पडद्यावर शेवटचा चांगला आकडा तसाच टांगलेला होता.

त्यातून जुनी मशीनं उचलायचा दिवस ठरून गेला होता. तो आठवडाअखेरीस होता. त्यानंतर चिमणीच्या खाटेला एकटा नवा मॉनिटर राहणार होता.

वन्संच्या साहेबांनी यावर तोडगा काढला. माणूस वाईट नाही, घाईत होता. त्यांचं म्हणणं असं की स्क्रीनच्या ड्रायव्हरला प्रत्येक घंटेला "माझी" म्हणायला लावा. एका शब्दाचा बदल. मग कुठलीच घंटा बेवारस राहणार नाही, तार बंद पडणार नाही, सगळे मोकळे. कंपनीतल्या बाकीच्यांनी माना डोलावल्या. हे सगळं मला वन्संनीच सांगितलं, आणि आपण काय उत्तर दिलं तेही सांगितलं.

"मी म्हटलं, न बघता माझी म्हणायचं नाही. घंटा कुठून येते ते आपल्याला माहीत नाही. आज तिच्यावर पांघरूण घातलं आणि उद्या ती अखंड वाजायला लागली, तर मशीन माझी माझी करत बसेल आणि बाळाचा आकडा बघायला कुणी उरणार नाही."

साहेबांनी हात टेकले. आठवडाअखेरपर्यंत शोधा, नाहीतर तो एक शब्द घालू, म्हणाले.

पुढचे दिवस मी या बाईकडे बघतच राहिले. ऑफिसातून एक मॉनिटर त्यांनी घरी आणला होता आणि तो काही केल्या बिघडत नव्हता. तासन्‌तास चालायचा, आकडा छान हलायचा. सेन्सर वन्संच्याच बोटाला. एका हातानं त्या जेवायच्या, टाइप करायच्या, केस विंचरायच्या. मी वैतागले. म्हटलं, तुमच्यासमोर शहाण्यासारखं वागतंय आणि माझ्या वॉर्डात जीव घ्यायला उठलंय. त्यावर त्या एकदम थांबल्या.

"वहिनी, वॉर्डात तुम्ही याला नेमकं काय करता? बोलू नका, हातानं दाखवा."

मी जेवणाच्या टेबलावर करून दाखवलं. आवाज झाला की पडद्यावर बोट मारून तो गप्प करायचा. मग आधीचे आकडे बघायला बोट सरकवायचं, परत यायचं, परत आवाज, परत बोट. एका पाळीत किती वेळा होतं ते मोजायच्या फंदात आम्ही पडत नाही. वन्सं माझ्या हाताकडे असं बघत होत्या की मलाच अवघडल्यासारखं झालं. ऑफिसात त्या पडद्याला कुणी बोटच लावत नव्हतं. सगळे लांबून, आदरानं बघायचे.

मग वन्सं माझ्यासारख्या त्या पडद्याला टोचत बसल्या. बोट, सरकव, बोट. तारेवर एक यंत्र लावलेलं होतं, त्यात घंटेची रेघ वर गेलेली आणि खाली आलेली दिसायची. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला खोलीत ओढून नेलं. चूक सापडली होती, आणि ती त्यांच्या स्वतःच्याच ड्रायव्हरमध्ये होती.

झालं होतं असं. स्क्रीननं घंटा वाजवली की ड्रायव्हर जायचा, काम करायचा, आणि स्क्रीनला निरोप धाडायचा, ऐकलं, आता घंटा थांबव. निरोप धाडून तो मागं वळायचा. पण बोटं भराभर पडत असली की वाटेत गर्दी असायची आणि निरोप पोचायला उशीर लागायचा. तोवर घंटा वाजतच राहायची. कारभारी पुन्हा उठायचा, सगळ्यांना विचारायचा. ड्रायव्हर जाऊन बघेपर्यंत निरोप पोचलेला असायचा आणि घंटा थांबलेली असायची. ड्रायव्हर अगदी खरं सांगायचा, माझी नाही. खोटं कुणीच बोलत नव्हतं आणि तरी त्या भुताटकीपायी तार बंद पडत होती.

"मग आता?" मी विचारलं.

"निरोप दिल्यावर तिथंच उभं राहायचं. 'थांबवलीस का?' म्हणून विचारायचं. त्याचं उत्तर काय येतं याच्याशी मला कर्तव्य नाही, ते मी टाकून देणार. पण उत्तर येतंय म्हणजे निरोप पोचला. तो पोचल्याशिवाय मागं फिरायचं नाही."

डॉक्टर फोनवर औषधाचं प्रमाण सांगतात तेव्हा आम्ही ते मोठ्यानं परत म्हणून दाखवतो, आणि आम्ही म्हणेपर्यंत ते फोन ठेवत नाहीत. घरी सासूबाईंनी साखर आणायला सांगितली तरी मी "साखर, एक किलो" म्हणून दाखवते आणि सगळे हसतात. डोळ्याचं पातं लवायलाही ज्याच्यापुढे युगं लागावीत इतक्या थोड्या वेळात, नखाएवढ्या चकतीच्या आत, तीच रीत लागते. हे मला कळलं तेव्हा खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. इतकी वर्षं ही बाई शेजारच्या खोलीत हे असलं जग सांभाळत होती आणि मी चहा गार झाला म्हणून ओरडत होते.

ती एक ओळ घातली. मग वन्संसकट कंपनीतले लोक आळीपाळीनं पडद्याला टोचत बसले आणि तार एकदाही बंद पडली नाही. जुनी मशीनं ठरल्या दिवशी गेली. त्या दिवशी कंपनीतर्फे वॉर्डात कुणीतरी थांबायचं होतं, आणि वन्संनी कधी नव्हे ते स्वतः होऊन जाते म्हटलं.

वॉर्ड त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. मी त्यांना कोपरापर्यंत हात धुवायला लावले, गाऊन चढवला, आणि चिमणीच्या खाटेजवळ आणलं. त्यांना वाटलं होतं बाळ म्हणजे बाळाएवढं असेल. बोटाएवढ्या त्या पायातला लाल दिवा बघून त्यांनी हात मागं घेतले. मॉनिटर ओरडला तशा दचकल्या. मी गेले, पाहिलं, चिमणीनं पाय झाडला होता, पट्टी सरकली होती. थोड्या वेळानं परत ओरडला, परत काही नव्हतं. वन्संनी हळूच विचारलं, "दर वेळी जाता?" मी म्हटलं, "गेल्याशिवाय कसं कळणार?"

तिसऱ्यांदा ओरडला तेव्हा मी गेले तर चिमणीची छाती हलत नव्हती.

असं या बाळांचं होतं, श्वास घ्यायचा विसरतात. मी पाठीखाली हात घातला, तळवा चोळायला लागले. पडदा माझ्या पाठीमागे होता. "वन्सं, आकडा सांगा," मी म्हटलं.

"एकोणऐंशी."

मी चोळत होते, बोलायचं भान नव्हतं. मागून काहीच येईना. आकडा बदलला असणार, तरी त्या पुढचा सांगेनात. मग एकदम माझ्या लक्षात आलं आणि मी मोठ्यानं म्हटलं, "एकोणऐंशी."

"शहात्तर."

"शहात्तर."

चिमणीनं तोंड वाकडं केलं. छाती वर आली.

"चौऱ्याऐंशी."

"चौऱ्याऐंशी."

"नव्वद."

"नव्वद," चिमणीची आई म्हणाली. मी चिमणीचे श्वास मोजत होते.

वन्सं तिच्याकडे वळल्या, आणि पुढचा आकडा त्यांनी तिला सांगितला.