या एकदा चहाला

आमच्या कळव्याच्या बिल्डिंगमधल्या योगिनी दळवीने चांगली नोकरी सोडली आणि डोंबिवलीतल्या पोळीभाजी केंद्रांसाठी सॉफ्टवेअर काढलं. उद्या किती पोळ्या खपतील ते आज सांगणारं. सॉफ्टवेअर बरं होतं, फक्त गिऱ्हाईक नव्हतं. डोंबिवलीत तोंडावर कोणी नाही म्हणत नाही. "बघू, या एकदा चहाला," म्हणतात, आणि याचा अर्थ येऊ नका असा होतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

मग तिने केंद्रवाल्यांना फोन करायला एआय लावलं. त्याला मराठी उत्तम येत होतं, डोंबिवली येत नव्हती. कोणी चहाला या म्हटलं की ते लगेच विचारायचं, "गुरुवारी चार वाजता चालेल का?" समोरचा गडबडून हो म्हणायचा. योगिनीला लाज वाटली, पण वेळ ठरलेली, म्हणून गेली. आता आलीच आहे म्हटल्यावर केंद्रवाल्याला चहा टाकावा लागला, आणि तो उकळेपर्यंत सॉफ्टवेअर बघावं लागलं. अशी तिला बरीच केंद्रं मिळाली.

तिचा भागीदार सुमित जरा जास्तच हुशार. त्याने एआयला शिकवलं की असा चहा म्हणजे नकार. त्या महिन्यात एकही गिऱ्हाईक आलं नाही. योगिनीने एआयला पुन्हा अडाणी केलं.

परवा ती जिन्यात भेटली. मी सवयीने म्हटलं, "अगं, ये ना कधीतरी चहाला."

तिने मोबाइल काढला. "काका, गुरुवारी चार वाजता चालेल?"

मी गडबडून हो म्हटलं.