बावखलावरचा फ्लॅट

उमेळ्यातला तळमजल्याचा फ्लॅट मी बिल्डरशी तीन महिने घासाघीस करून घेतला. वालीवला आधी दुसऱ्याच्या आणि मग स्वतःच्या लेथवर उभं राहून मिळवलेला पैसा होता. शेवटच्या दिवशी मी सांगितलेल्या भावाला तो हसून ‘घ्या’ म्हणाला. त्या हसण्याचा राग अजून उतरलेला नाही.

मी चांदीपचा, भातशेतीतला. कागद, क्षेत्रफळ, नळजोडणी, सगळं खोदून विचारलं. इमारतीच्या आधी तिथे काय होतं, तेवढं विचारलं नाही. केळीच्या वाड्यांच्या बाजूचा माणूस असता तर त्याने तेच पहिलं विचारलं असतं. तिथे बावखल होतं. बावखल म्हणजे वाडीच्या मधोमध खोदलेलं तळं. वर्षभर केळी त्याच्याच पाण्यावर जगायची. बिल्डरने भराव टाकून ते बुजवलं. पण पाणी कुठे जातंय? वर्षभरातच लादीला घाम फुटू लागला.

भाडेकरू अकरा महिन्यांचा करार संपायचीही वाट बघत नसत. एकाच्या गाद्यांना बुरशी आली, दुसऱ्याचं कपाट फुगलं. मी उलट त्यांच्यावरच ओरडायचो, “लादी एवढी धुता कशाला?” आणि कोणी राहतो म्हणालाच, तरी अकरा महिन्यांवर मी ठेवत नसे. माणूस रुळला की जागा हातची जाते, अशी मला धास्ती.

मग एक बाई आल्या. साठीच्या, एकट्या, मूळच्या उमेळ्याच्याच. दिरांनी वाडी विकल्यापासून लेकीकडे राहत होत्या. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि डोळे मिटून हॉलभर अनवाणी फिरल्या.

“पानी हाय खाली.”

आता ही भाडं पाडणार, मी सावध झालो. “तळमजला आहे, मावशी. सगळीकडे असतंच.”

“सगलीकडं नाय. हे आमचं बावखल. तुमच्या किचनात पायऱ्या होत्या.”

भाड्याचं त्या काहीच बोलल्या नाहीत. म्हणाल्या, “फक्त मला परत सामान उचलायला लावू नका.”

“अकरा महिने. पुढचं आत्ता नाही,” मी म्हणालो.

त्यांनी पलंग विटांवर चढवला, डबे खुंट्यांना टांगले. तक्रार एक नाही. ओल बघायच्या निमित्ताने मी रविवारी दुपारी जाऊ लागलो. त्या चहा ठेवायच्या आणि बोलत राहायच्या. मीटरचा डबा आहे तिथे जांभूळ होतं, त्याची फळं टपटप पाण्यात पडायची. पार्किंगमधल्या एखाद्या गाडीच्या काचेवरून उन्हाचा तुकडा छतावर येऊन हलत असायचा. हळूहळू भिंती हिरव्या वाटू लागायच्या, पंख्याचा आवाज लांब जायचा. वर्कशॉपच्या खडखडाटात मी कधी असा बसलो नव्हतो.

अकरावा महिना लागला, तेव्हा ‘खोली सोडा’ हेच सांगायला गेलो. एजंटने दुसरी पार्टी आणून ठेवली होती. बाई लसूण सोलत होत्या. मी खुर्चीत बसलो, वाक्य मनात जुळवू लागलो.

“शेट, पाय वर घ्या,” त्या सोलता सोलता म्हणाल्या. “भिजतील.”

आणि मी घेतले! दोन्ही पाय खुर्चीवर. खाली बघितलं तर लादी, कोरडी ठणठणीत. बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. माझ्या कानशिलापर्यंत राग आला, पण पाय काही लगेच खाली गेले नाहीत.

“उद्या एजंटकडे या,” मी म्हणालो. “तीन वर्षांचा कागद करू. पण भाडं दरवर्षी वाढेल.”

“वाढू दे. पन किचनचा नल गलतो, तो आधी बदला.”

“नळ मी देतो. प्लंबर तुमचा.”

“प्लंबरपन तुमचाच.”

अर्धा तास त्यावर वाजलं. शेवटी पाना घेऊन तो नळ मीच बसवला.